शेडची चावी तुझ्याकडे आली की

ये, बस आधी. चहा टाकलाय. फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच मला कळलं, बाबांच्या शेडची चावी शेवटी तुझ्याच हातात आली. दादा म्हणाला असेल, "तूच बघ ना जरा, मला रजा नाही." वहिनी म्हणाली असेल, दिवाळीच्या आत जागा मोकळी झाली तर बरं. मग तू कुलूप काढलंस आणि समोर काय, तर ओंडक्यावर बसलेली ती ऐरण, खांबाला ठोकलेलं हाताने फिरवायचं ड्रिल, कोपऱ्यात भाता, दाराशी कडबाकुट्टीचं भलंमोठं चाक आणि भिंतभर रंधे, करवती, सांडशा. निम्म्या वस्तू तर एकटीने हलवताही येणार नाहीत अशा. रडू आलं असेल तर येऊ दे गं. मीही अशाच एका दारात उभी राहिलेय.

आमची शेड कराडला, घरामागे, पत्र्याची. अण्णा फिटर होते. उसाचे चरक, बैलगाडीच्या धावा, विहिरीवरचे रहाट, जे येईल ते दुरुस्त करायचे. ते गेले आणि महिन्याभरात मी भंगारवाल्याला बोलावलं. घरात पाहुण्यांची ये-जा होती, आईचं मन कशात नव्हतं, मला वाटलं एक काम तरी हातावेगळं होईल. त्याने काटा लावला आणि अण्णांचा पायाचा शेगडा किलोच्या भावाने टेम्पोत चढला. आठ दिवसांनी अण्णांकडे काम शिकलेला एक कारागीर उंब्रजहून आला. आईला भेटला, फोटोला हार घातला आणि निघताना अंगणात थांबून मला हळूच म्हणाला, "ताई, तो शेगडा द्यायचा असेल तर मला सांगा. पैसे हप्त्याने देतो." मला त्याच्याकडे बघवेना. ज्या हातांना तो शेगडा ओळखीचा होता ते हात दारात उभे होते, आणि वस्तू कुठल्या तरी भट्टीत वितळली होती. आज इतकी वर्षं झाली, पण ते अजून माझ्या मनातून जात नाही. म्हणून तुला एवढं बसवून सांगतेय.

तर पहिलं ऐक. पहिले आठ-दहा दिवस त्या शेडमधून एकही वस्तू बाहेर जाऊ द्यायची नाही. दादाला सांग, ताईने सांगितलंय म्हणून. लोखंड पन्नास वर्षं थांबलंय, आणखी दोन आठवडे थांबेल.

एक दोनशे पानी वही घे. आणि बाबांबरोबर काम केलेलं एखादं माणूस शोध. त्यांचा मदतनीस असेल, शेजारचे सुतारकाका असतील, नाहीतर गावातला एखादा जुना लोहार. त्यांना जेवायला बोलाव आणि मग शेडमध्ये खुर्ची टाकून बसव. तू वस्तू दाखव, ते नाव सांगतील, तू लिही. ही पटाशी, हे किकरं, हा वाकस, ही खतावणी, हे गिरमीट. खरं सांगू का, नाव कळलं की अर्धी भीती जाते. तोवर सगळा नुसता लोखंडाचा ढीग वाटतो. नाव कळल्यावर कुणाला विचारायचं ते सुचायला लागतं. रंधा सुताराला, सांडशी लोहाराला, बारीक कानशी घड्याळवाल्याला नाहीतर सोनाराला.

आणखी एक बघ. शेडमधली प्रत्येक वस्तू आपलीच असते असं नाही. आमच्याकडे पितळी पट्टीचा एक मोठा रंधा होता. मी तो मुलासाठी बाजूला काढून ठेवला होता. वही लिहिताना कळलं की तो शेजारच्या आळीतल्या सुतारांचा. धार लावायला आलेला, आणि न्यायला कुणी आलंच नाही. मी तो पुसून त्यांच्या नातवाच्या हातात नेऊन दिला. अशा वस्तू सगळ्यांत आधी परत कर. मग मन हलकं होतं.

आता तुझी खरी काळजी, ती ऐरण. तिचं वजन किती, हे कळल्याशिवाय पुढचं काहीच ठरत नाही. कोण उचलणार, कशातून नेणार, भाडं किती, सगळं त्यावर. पण काटा आणायची गरज नाही बहुतेक. तिच्या अंगावर बाजूने थोडी पांढरी रांगोळी चोळ, शेड अंधारी कर आणि टॉर्च अगदी तिच्या कुशीला टेकवून आडवा धर. गंजात बुडालेली अक्षरं उठून दिसतात. ऐरण जुनी इंग्लंडची असेल, तर एकमेकांपासून थोडे सुटे असे तीन आकडे सापडतील. समज १, २ आणि १० असे दिसले. त्यांना एकशे दोन-दहा असं काही वाचू नकोस, ते जुन्या ब्रिटिश मापातलं वजन आहे. पहिला आकडा ११२ पौंडांचा, दुसरा २८ पौंडांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. म्हणजे ११२, त्यात ५६, त्यात १०, झाले १७८ पौंड. किलोत सांगायचं तर ८१च्या आतबाहेर. आमच्या ऐरणीवरचे हे आकडे मी आधी मॉडेल नंबर समजले होते आणि विचारायला आलेल्या माणसाला तसंच सांगितलं होतं. त्याने समजुतीने मला गणित घालून दाखवलं. आकड्यांच्या आसपास 'पीटर राइट' असं नाव उमटलेलं असेल तर ते इंग्लंडमधल्या डडलीच्या कारखान्याचं. तो फोटो नीट काढून ठेव, ओळखणारे लगेच ओळखतात.

मग तिला वाजवून बघ. लहान हातोडी घे आणि वरच्या सपाट भागावर हलक्या हाताने ठोक. चांगल्या पोलादी माथ्याची ऐरण घंटेसारखी खणखणीत वाजते आणि हातोडी आपोआप उसळून वर येते. एखाद्या जागी आवाज बद्द आला, हातोडी मेल्यासारखी पडली, तर तिथे आत चीर असू शकते किंवा वरची पाटी सुटलेली असू शकते. जुन्या ऐरणींचं धड नरम लोखंडाचं असायचं आणि माथ्यावर कडक पोलादाची जाड पाटी भट्टीत तापवून जोडलेली असायची. पण आवाज बसका आला म्हणून तिला मोडीत काढू नकोस हं. ओंडक्याला घट्ट आवळलेली ऐरणही कमी वाजते, आणि काही ऐरणी मुळातच गप्प असतात. कडा थोड्या उडालेल्या असतील तर तेही चालतं. कडा उडाली म्हणून वेल्डिंगवाल्याला मात्र बोलावू नकोस. उष्णतेने माथ्याचं पाणी उतरतं, आणि एकदा पाणी उतरलं की मग ती ऐरण नुसती जड वस्तू उरते.

खांबावरचं ड्रिल बघितलंस का नीट? मला त्या सगळ्या शेडमध्ये तेच सगळ्यांत आवडतं. मूठ धरून एक फेरा दे. मोठं दातेरी चाक फिरतं, त्याच्यावरचा उंचवटा एका दांडीला ढकलतो, आणि दर फेऱ्याला वरचं चाक टक करून एखादा दात पुढे सरकतं. तेवढंच गिरमीट खाली उतरतं. म्हणजे दाबायचं काम यंत्र स्वतः करतं, माणसाने फक्त फिरवायचं. मी आठ वर्षांची असताना अण्णा मला स्टुलावर उभं करून ते फिरवायला द्यायचे, आणि लोखंडी पट्टीतून चकचकीत वेटोळी बाहेर यायची. तुझं ड्रिल टक करतंय का, ते तपास. करत नसेल तर बहुतेक वेळा ती दांडी गंजून अडकलेली असते नाहीतर तिची स्प्रिंग गेलेली असते. तेल घालून दोन दिवस थांब. जोर लावू नकोस. ही सगळी धडं बिडाची असतात. आपला बिडाचा तवा हातातून निसटला की कसा दुभंगतो, तसंच.

शेगडा उघडून बघ. दांडा फिरव, जबडे एकमेकांना समोरासमोर टेकतात का ते बघ, आणि स्क्रूचे आटे झिजलेत का तेही. आटे चांगले असतील तर त्याला मागणी नक्की येते. भात्याचं चामडं बहुधा गेलेलं असेल, उंदरांनी नाहीतर कसरीने. त्याची खंत करू नकोस. भाता हा चामड्याचाच जीव, त्याला दर काही वर्षांनी नवं चामडं लागायचंच.

साफसफाईचं सांगते, कारण इथे आपण बायका जास्तच उत्साही होतो. पितांबरी, काथ्या, पॉलिश पेपर, ग्राइंडर, सगळं बाजूला ठेव. खराट्याने धूळ झाड. रॉकेल मिळालं तर उत्तम, आता सहजी मिळत नाही, नाहीतर थोडं डिझेल. फडक्याने लाव, रात्रभर मुरू दे, सकाळी तारेच्या ब्रशने हलक्या हाताने सुटा गंज काढ, कोरडं पूस आणि मशीन ऑइलचा हात फिरव. बास. काळपट झाक तशीच राहू दे. जाणकार माणूस ती झाकच बघतो. चांदीसारखी घासून रंग मारलेली ऐरण दिसली की त्याला आधी शंका येते, हिने खाली काय लपवलंय. लाकडी मुठींना जवसाचं तेल चोळ. पण ते तेलाचे बोळे चुरगाळून डब्यात टाकू नकोस गं. जवसाचं तेल वाळताना तापतं, आणि गोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. अंगणात दोरीवर पसरून वाळव, मगच टाक. शेडमध्ये भुसा असतो, चिंध्या असतात, ही गोष्ट हलक्यात घेऊ नकोस.

आता बोलू कुणाला द्यायचं ते.

माझं मन विचारशील तर आधी वापरणारा हात शोध. त्यासाठी लांब जावं लागत नाही. पण सगळ्या कारागिरांना सगळं हवं असतं असंही धरून चालू नकोस. रस्त्याकडेला पाल ठोकून विळे-कोयते घडवणाऱ्या घिसाडी कुटुंबाला मी मोठ्या मायेने ऐरण देऊ केली होती. त्या बाई हसल्या. म्हणाल्या, "ताई, आम्ही आज इथं, उद्या तिथं. एवढा दगड गाडीत कुठं घालू?" त्यांची ऐरण वितीएवढी, जमिनीत रोवायची. त्यांनी मागितला तो हाताने फिरवायचा ब्लोअर. वीज नसलेल्या माळावर भट्टी फुलवायला त्याच्यासारखं काही नाही. एक घण आणि दोन सांडशाही दिल्या. त्यांच्या थोरल्या मुलीने तिथेच बसून ब्लोअरची मूठ फिरवून बघितली, पंख्याची हवा तोंडावर घेतली, आणि आईकडे बघून मान हलवली. मला तेव्हा कळलं, आपल्याला काय द्यावंसं वाटतं ते महत्त्वाचं नाही, समोरच्याला काय लागतं ते विचारावं.

गावातल्या बसत्या लोहाराला मात्र मोठी ऐरण हवी असते. सध्या कारागिरांसाठी सरकारची विश्वकर्मा योजना आहे, २०२३च्या सप्टेंबरात सुरू झालेली. १८ व्यवसायांत लोहार, सुतार दोघंही येतात आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. त्यामुळे छोटी नवी हत्यारं पुष्कळांकडे आलीत. पण चांगली जुनी ऐरण किंवा पायाचा शेगडा ही वस्तू तशी पेटीत घालून मिळणारी नाही. तिथे तुझ्या शेडची किंमत आहे.

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी तुला माहीत असेल. तांब्याच्या भांड्यांवर ठोके घालून जे मठारकाम करतात, त्यांना लोहाराची ऐरण कामाची नाही, पण गोल डोक्याचे लोखंडी खुंट आणि गुळगुळीत तोंडाच्या हातोड्या लागतात. तुझ्या शेडमध्ये अशा काही असतील तर फोटो घेऊन प्रत्यक्ष जा. नुसतं फोनवर कुणाला कळत नाही, आणि तिथे गेलीस की चार माणसं तुला आणखी चार पत्ते देतील.

मग शाळा. इथे मी थोडी आग्रही आहे. शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली सुरू केलेला. हाताने काम करत शिकायचं ही त्यांची पद्धत, आणि त्या धर्तीवर कितीतरी गावांतल्या माध्यमिक शाळांत वर्कशॉप उभी राहिली. तुझ्या तालुक्यात अशी शाळा आहे का ते शोध. हातड्रिल, शेगडा, रंधे, गुण्या मुलांसाठी फार चांगले. वीज गेली तरी तास बुडत नाही, आणि हाताने फिरवताना मुलाला धातूचा विरोध मनगटात कळतो. आमचं ड्रिल मी तसंच एका शाळेला दिलं. फक्त मुख्याध्यापकांशीच बोलून येऊ नकोस. वर्कशॉप कोण शिकवतं त्या सरांना किंवा मॅडमना भेट. त्यांचे डोळे चमकले तर दे. "ठेवा व्हरांड्यात, बघू" म्हणाले तर नमस्कार करून परत ये. व्हरांड्यात पडलेली वस्तू दोन पावसाळ्यांत तुझ्या शेडपेक्षा वाईट अवस्थेत जाते.

हौशी मंडळींनाही नाक मुरडू नकोस. शहरांत आता कितीतरी तरुण मुलं-मुली सुट्टीच्या दिवशी हाताने लाकूडकाम करतात, सुऱ्या घडवतात. शेफील्डच्या पोलादाची जुनी करवत नाहीतर जुना लोखंडी रंधा दिसला की ते शंभर किलोमीटर गाडी चालवत येतात. ते पैसेही बरे देतात आणि वस्तूला जीव लावतात. त्यांच्याकडून घेतलेल्या पैशांतून लोहाराला ऐरण स्वस्तात देता येते. मी तसंच केलं, आणि त्यात मला काही गैर वाटलं नाही.

पैशांचा संकोच नको गं. भंगाराचा भाव हा तळ समज, त्याच्या खाली विचारच करायचा नाही. तिघांना दाखव, तिघांचे आकडे वहीत लिही, मग ठरव. फुकट द्यायचं असेल तर जाणूनबुजून, मनापासून दे. दमून, कटकट नको म्हणून देऊ नकोस. आणि शक्यतो काही ना काही मोल घे, हप्त्याने का होईना. मोल दिलेली वस्तू माणूस घरात मानाने ठेवतो.

संग्रहालयाचा विचार तुझ्या मनात येणारच. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघ. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दारं, घरातल्या रोजच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ साली सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. कोल्हापूरजवळ कणेरीच्या सिद्धगिरी मठात बारा बलुतेदारांचं गावच उभं केलंय, लोहार-सुतारासकट. दोन्ही ठिकाणी एकदा जाऊन ये, आपल्या शेडकडे बघायची नजर बदलते. पण संग्रहालयांची कोठारं भरलेली असतात गं. त्यांना दहावी ऐरण नको असते, त्यांना हवी असते गोष्ट असलेली वस्तू. कुठल्या गावात, कुणी, कशासाठी, किती साली, असा कागद बरोबर असेल आणि वस्तू खरोखर वेगळी असेल, तरच विचार. आधी पत्र, फोटो, मापं पाठव. टेम्पो भरून दारात जाऊन उभी राहू नकोस.

तुझ्या कडबाकुट्टीवर किर्लोस्करांचं नाव ओतलेलं आहे का ते मात्र अगदी जवळून बघ. लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात कडबा कापायच्या यंत्रांनी आणि लोखंडी नांगरांनी झाली, आणि औंध संस्थानाने दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. फार जुन्या घडणीची निघाली तर ती वस्तू विकायच्या आधी जाणत्या माणसाला दाखवच. आणि तिचं काहीही ठरो, आजच्या आज चाक साखळीने बांध आणि दोन्ही पाती उतरवून गोणपाटात गुंडाळ. घरात लहान मुलं येतात-जातात. ते चाक एका बोटाने फिरतं, आणि पात्यासमोर बोट आलं तर कुणाची वाट बघत नाही.

हॉटेलच्या दारात शोभेला म्हणून मागणारेही येतील. माझा त्यांच्यावर राग नाही. चिरलेली ऐरण, दाते गेलेलं ड्रिल, चामडं नसलेला भाता त्यांना खुशाल दे. पण धडधाकट वस्तू रंग मारून कुंडीशेजारी ठेवायला देऊ नकोस. तेवढं माझं ऐक.

आणि तुझी ती अमेरिकेतली भाची म्हणाली ना, आजोबांची आठवण म्हणून काहीतरी पाठव? जरा थांब. १९७२चा पुरावस्तूंचा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची, कारागिरीची वस्तू त्यात पुरावस्तू ठरू शकते, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वय नक्की माहीत नसेल तर पुरातत्त्व खात्याकडून ही पुरावस्तू नाही असा दाखला घ्यायचा. पुढे विमानतळावर सामान उघडून समजावत बसण्यापेक्षा ते बरं. नाहीतर तिला तुझ्या त्या वहीचे फोटो पाठव. ते तिला जास्त आवडतील बघ.

आता उचलाउचल. इथे माझ्याकडून झालेलं नुकसान सांगते, म्हणजे तुझ्याकडून होणार नाही. अण्णांकडे पत्रा दाबायचा एक स्क्रूचा प्रेस होता, वर आडव्या दांड्याला दोन जड गोळे असलेला. दुसऱ्या दिवशी घेणारा येणार म्हणून मी आणि माझ्या चुलतभावाने तो आख्खाच दाराकडे ओढला. उंबऱ्याशी तो वरून कलला आणि आडवा झाला. बिडाची मान कडकन दुभंगली. कुणाला लागलं नाही हे देवाचे उपकार, पण ऐंशी वर्षं टिकलेली वस्तू माझ्या घाईने एका क्षणात गेली. वरचं वजन आधी उतरवायचं असतं, एवढी साधी गोष्ट मी कुणाला विचारली नव्हती.

म्हणून तू असं कर. जे सुटं होतं ते आधी सुटं कर, आणि सुटं करायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढ. नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत घाल, डब्यावर वस्तूचं नाव लिही, आणि तो डबा त्याच वस्तूला बांधून टाक. ऐरण ओंडक्यावरून वेगळी कर. आमचा ओंडका बाभळीचा होता, तोच चाळीसेक किलोंचा निघाला. फरशीवर फळ्या टाक, वस्तूखाली पहारीने थोडं उचलून पाण्याच्या लोखंडी पाइपाचे तुकडे सरकव, आणि रुळांवरून ढकलत ने. उचलायची वेळ फक्त टेम्पोशी यावी. दोन सवयीचे हमाल बोलाव आणि ते मागतील ती मजुरी दे. घरच्या पोरांना हौसेने पुढे करू नकोस. पायात सगळ्यांच्या बूट. छोटा हत्ती सांगितलास तरी पुष्कळ झालं, पण जड वस्तू हौद्यात पुढे, केबिनला टेकवून ठेवायला सांग आणि चारी बाजूंनी दोर आवळून घे. मोकळी ऐरण वळणावर घसरली की हौद्याचा पत्रा फाडते.

दादाचं आणि तुझं यावरून वाजेल, ते मला आत्ताच दिसतंय. सगळं ठेवायचं म्हणणारा एक, सगळं काढायचं म्हणणारी दुसरी. प्रत्येकाने एकच वस्तू घ्यायची, आणि ती अशी, जी एका हातात उचलता येईल, असं ठरवा. मी अण्णांचा गुण्या घेतला. शिवणाच्या मशीनशेजारी असतो, पडद्याचं कापड कापताना काटकोन बघायला रोज लागतो. आईने त्यांची जुनी पेन्सिल आणि खतावणी घेतली, ती देवघराच्या फडताळात आहे. माझ्या भावाने काही नको म्हटलं आणि दोन वर्षांनी येऊन एक कानस मागून नेली.

जमलं तर वस्तू देण्याचा दिवस खंडेनवमीचा धर. अवजारं पुसून, हळद-कुंकू वाहून, झेंडूची माळ घालून शेडमध्ये शेवटची पूजा कर. ज्यांना ज्यांना द्यायचंय त्यांना त्या दिवशी बोलाव. आमच्याकडे ऐरण न्यायला तो उंब्रजचा कारागीरच आला होता. शेगड्याचं मी त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो एवढंच म्हणाला, "असू दे ताई." टेम्पोत चढवण्याआधी मी त्याला म्हटलं, एकदा वाजवून दाखव. त्याने खिशातून रुमाल काढून माथा पुसला, हातोडी घेतली आणि तीन ठोके दिले, एक जड आणि दोन हलके, अण्णा काम संपल्यावर द्यायचे तसेच. आई स्वयंपाकघरातून हातातलं पीठ तसंच घेऊन दारात आली. कुणी काही बोललं नाही. मग चहा झाला.

वस्तू गेल्यावर आठ दिवसांनी एक फोन कर. नीट बसली का, काही कमी पडलं का, एवढंच विचार. शाळेतल्या सरांनी मला सांगितलं होतं, ड्रिलचा एक बोल्ट कमी आहे. तो अजून आमच्याच डब्यात होता, मी कुरिअरने पाठवला.

आणि ते ड्रिल काढल्यावर खांबात चार भोकं राहतील. गवंडी म्हणेल, पुट्टी भरून टाकतो. भरू देऊ नकोस लगेच. आम्ही त्यांत लाकडी खुंट्या ठोकल्या. पावसाळ्यात आईची छत्री, माझा रेनकोट आणि अंगणातली कात्री तिथेच असते. चौथ्या खुंटीला अजून शेडची चावी आहे.

चहा गार झाला बघ तुझा. थांब, दुसरा टाकते. आणि रविवारी येतेच मी तुझ्याकडे, रांगोळी आणि टॉर्च घेऊन.